दारातली झडती

आमच्या घरात एक कुत्रा होता आणि तो अतिशय शिस्तीचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्याच्या बेशिस्तीमुळे झालं असं कुणाला वाटायला नको. त्याला नावही होतं. पण इथे मी आई-वडिलांची नावं सांगणार नाही, काकांचं सांगणार नाही, तेव्हा त्याचं एकट्याचं सांगणं बरं दिसणार नाही.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. आम्ही नाशिक रोडला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, पुढच्या दाराला चार पायऱ्या, मागे मोरी आणि मोरीशेजारी मागचं दार. वडील प्रेसमध्ये होते. नाशिक रोडला ‘प्रेसमध्ये’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, तिथे नोटा छापतात. कॉलनीतल्या सगळ्यांचेच वडील तिथे जायचे. भोंगा झाला की जायचे, भोंगा झाला की यायचे, आणि घरोघरी डाळीला फोडणी पडायची तीही भोंग्यावर. नोटा छापणाऱ्यांच्या घरात जुनी खुर्ची कशी, हा विनोद बाहेरगावचे पाहुणे दर वेळी नव्याने करायचे. वडील दर वेळी तेवढंच हसायचे.

कुत्रा आला मार्गशीर्षात. वडिलांच्या खात्यातले एक गृहस्थ निवृत्त होऊन गावाला निघाले होते आणि जाता जाता घरातल्या वस्तू वाटत होते. कुणाला टेबल मिळालं, कुणाला तुळशीची कुंडी. वडिलांना पिल्लू मिळालं. सायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीतून त्यांनी ते आणलं. रंग मातीचा, एक कान उभा, दुसऱ्याचं अजून काही ठरलेलं नव्हतं.

“हे काय?” आईने विचारलं.

“कुत्रा.”

“ते दिसतंय मला.”

“राखण करेल.”

“कशाची?”

वडील रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले. आमच्याकडे राखण्यासारखं म्हणजे एक रेडिओ आणि मी. मी सहावीत होते, एकुलती एक होते, आणि पिल्लाने माझं बोट तोंडात धरलं तेव्हाच मी ठरवून टाकलं की हा गेला तर मी जेवण सोडणार. तसं मी बोलूनही दाखवलं. आईवर असल्या धमक्यांचा परिणाम होत नसे. तिने पिल्लाला, भांडं विकत घेताना पोचाबिचा बघतात तसं चारी बाजूंनी पाहून घेतलं.

“आखाजीपर्यंत ठेवते,” ती म्हणाली. “तोवर माणसांत बसण्यासारखा झाला तर राहील. नाही झाला तर भाऊजींबरोबर कळवणला.”

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या कळवणकडे हा सण दिवाळीच्या बरोबरीचा. भाऊजी म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, माझे मोठे काका. ते गावाकडे शेती बघायचे. दर वर्षी आखाजीच्या आधी कांद्याच्या ट्रकबरोबर नाशकात यायचे, एक रात्र आमच्याकडे राहायचे आणि परत जाताना आम्हाला नको असलेलं सगळं रिकाम्या ट्रकमधून घेऊन जायचे. आमची मोडकी खाट अशीच गेली होती, माझे आखूड झालेले फ्रॉकही. काकांच्या मळ्यात कुत्रे टिकत नसत. डोंगरातून बिबट्या यायचा. “अवंदा दोन नेले,” असं काका जेवता जेवता सांगायचे आणि आमटी वाढून घ्यायचे. तेव्हा आखाजीपर्यंत कुत्र्याला माणसांत बसवणं हे माझ्या दृष्टीने वार्षिक परीक्षेहून किती तरी मोठं काम होतं.

सुरुवात वाईट झाली. पहिल्या महिन्यात त्याने वडिलांची उजवी चप्पल खाल्ली. पोस्टमनच्या सायकलमागे तो कोपऱ्यापर्यंत धावत गेला आणि आमची पत्रं त्यानंतर आठवडाभर समोरच्या काकूंकडे पडू लागली. शू वर्तमानपत्रावर करायची हे त्याला मी मेहनतीने शिकवलं होतं. कालच्या वर्तमानपत्रावर करायची, हे शिकवायचं राहून गेलं होतं. वडिलांनी तो पेपर वाळवून वाचला. आईने कॅलेंडरकडे पाहिलं.

मग वडिलांनी सूत्रं हातात घेतली. ते शिकवणारे म्हणून कुणाला आवडले नसते. मला ते भागाकार शिकवायचे तेव्हा दोघांनाही पाणी प्यायला उठावं लागायचं. कुत्र्यापुढे मात्र त्यांचा आवाज कधी चढला नाही. माझ्या शाळेच्या जुन्या पट्ट्याचा गळपट्टा केला, त्याला सुंभाची दोरी लावली आणि पाळीवरून आल्यावर रोज अर्धा तास, भाकरीचे तुकडे खिशात घेऊन, ते त्याला अंगणात ‘बस’ शिकवू लागले. तीन दिवसांत तो बसायला शिकला. आठवड्यात ‘थांब’ आलं. ताटातलं पडलं तरी ‘घे’ म्हटल्याशिवाय तोंड लावायचं नाही, हे यायला महिना गेला, कारण मी मधेच गुपचूप घालायचे. ते वडिलांच्या लक्षात आलं. त्यांनी मला जवळ बसवून शांतपणे सांगितलं, “तू लाड करतेस आणि त्याचं कळवणचं तिकीट काढतेस.” त्यानंतर मी एक तुकडाही घातला नाही. रडले, पण घातला नाही.

राहता राहिला दाराचा प्रश्न. दारात आलेल्या माणसावर कुत्र्याने भुंकावं, असं सगळं जग मानतं. वडिलांना ते पटत नव्हतं. येणाऱ्यावर भुंकायचं कशाला, ते म्हणायचे. आत येणारा माणूस काय घेऊन जाणार आहे? तो तर रिकामा आलेला असतो. गडबड काय व्हायची ती बाहेर जाताना होते. हे त्यांचं मत एकोणीस वर्षांच्या नोकरीतून तयार झालं होतं. प्रेसमध्ये आत जाताना पास दाखवला की झालं. बाहेर पडताना रांगेत उभं राहायचं, हात वर करायचे, दारावरचा माणूस खिसे, कंबर, काखा चाचपून बघतो, मग पुढचा. पाळी सुटल्यावर रोज, सगळ्यांना. वडिलांना सभ्य दार कसं असतं ते एवढंच माहीत होतं, आणि तेच त्यांनी कुत्र्याला शिकवलं.

ह्या शिक्षणासाठी एक चोर लागत होता. तो मी झाले. मी फ्रॉकच्या खिशात भाकरीचा तुकडा लपवून पुढच्या दाराने बाहेर निघायचे. कुत्रा उंबऱ्यावर बसलेला असायचा. मी हात वर करायचे, तो माझ्याभोवती फिरून हुंगायचा, तुकडा सापडला की खाली बसायचा आणि अर्धा तुकडा त्याला मिळायचा. काही सापडलं नाही तर बाजूला सरकायचा. हात वर केले नाहीत तर मात्र तो सरकायचाच नाही. गुरगुरणं नाही, भुंकणं नाही. ओलांडून जायला लागलं की कपड्याचा काठ दातांत हलकेच धरून ठेवायचा, कापडाला साधं भोकही पडत नसे. हिवाळाभर मी रोज संध्याकाळी चोर होते. इतकं सुख मला नंतर कुठल्याच कामात मिळालेलं नाही.

ही पद्धत विचित्र आहे, असं आमच्या कुणाच्याच मनात आलं नाही. कॉलनीतही आलं नाही. समोरच्या काकू विरजण मागायला यायच्या आणि जाताना दह्याची वाटी डोक्यावर उंच धरून दारात उभ्या राहायच्या. कुत्रा एक फेरी मारायचा, त्या जायच्या. त्यांचे यजमान तर कुत्रा जवळ यायच्या आत हात वर करून पाठमोरेसुद्धा व्हायचे. माझ्या वर्गशिक्षिका गणिताबद्दल तक्रार करायला आल्या होत्या. त्यांचेही यजमान प्रेसमध्येच. त्यांनी जाताना छत्रीसकट हात वर केले आणि तक्रारीचं शेवटचं वाक्य त्याच अवस्थेत पूर्ण केलं. विम्याचे एक एजंट पहिल्यांदा अडकले तेव्हा त्यांनी ती आणखी बसण्याची संधी मानली.

आईचं मन वळलं ते फाल्गुनातल्या एका दुपारी. ती रेशनला गेली होती, मी शाळेत, वडील पाळीवर. मागच्या दाराला कुलूप होतं, पुढचं नुसतं लोटलेलं होतं. परत येऊन बघते तर आमच्या खाटेवर एक अनोळखी माणूस गुडघे जुळवून बसलेला आणि दारात कुत्रा, शेपूट हलवत. माणसाच्या लेंग्याचा एक काठ ओला झाला होता.

“कोण आपण?” आईने विचारलं.

“बाई, घर चुकलं माझं,” तो म्हणाला. “मगाधरनं बसलोय. कुत्रा लय चांगलाय तुमचा. फक्त मला जाऊ द्या.”

आईने त्याला पाणी दिलं, हात वर करायला सांगितले. कुत्र्याने वास घेतला आणि वाट दिली. माणूस रस्त्याला लागल्यावर पळाला. तो कशाला आला होता, ते आम्हाला कधी कळलं नाही. संध्याकाळी आईने वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बघ.” त्या एका शब्दावर ते दोन दिवस खूश होते. आईने त्या दिवसापासून कुत्र्याची भाकरी शिळी द्यायचं बंद केलं. मी ते पाहिलं, पण मोठ्याने बोलले नाही. आई कुठे मऊ होतेय हे कुणी बोलून दाखवलं तर ती लगेच पुन्हा कडक व्हायची.

चैत्रात कुरडया झाल्या. आईने गच्चीवर जुन्या लुगड्यावर घातल्या आणि राखणीला कुत्र्याला बसवलं, मुद्दामच. मी मागच्या जिन्यात लपून बघत होते. कावळे आले, तो उठून गेला, कावळे उडाले, तो परत येऊन बसला. एक कुरडई त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तोंड फिरवून दुसरीकडे बघत बसला. आई उन्हं उतरल्यावर वर आली, कुरडया उचलल्या, आणि एक त्याच्यापुढे टाकून म्हणाली, “घे.” त्याने घेतली.

मग काका आले. संध्याकाळी ट्रकमधून उतरले, ट्रक बाजाराकडे गेला. कांद्याचा वास अंगभर, डोक्याला टोपी, हातात पिशवी. कुत्रा उंबऱ्यापर्यंत सामोरा गेला आणि बाजूला झाला. काका म्हणाले, “अरे वा.” तो अख्खी संध्याकाळ चटईवर बसून होता. काकांनी मुद्दाम त्याच्याजवळ भाकरीचा तुकडा टाकला. तो तुकड्याकडे बघेना. काकांनी आणखी एक टाकला. कुत्रा वडिलांकडे बघत राहिला.

“हा तर माणसापरीस बरा हाय,” काका म्हणाले.

“घे,” वडील म्हणाले, आणि त्याने दोन्ही तुकडे एकापाठोपाठ घेतले.

आई वाढत होती. आमटीचा डाव हातात होता. ती म्हणाली, “राहू दे त्याला. ठेवू आपण.” एवढंच म्हणाली आणि भात आणायला गेली. मी जेवणावरून उठून कुत्र्याच्या गळ्यात पडले, खरकट्या हाताने. आनंद म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी अजूनही त्याच मिनिटाचं सांगेन. वडिलांनी मला हात धुवून यायला सांगितलं, पण तेही हसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक परत आला. काका सकाळी मोरीशेजारच्या मागच्या दाराने जाऊन आले होते, पुढच्या दाराशी त्यांचा अजून संबंध आला नव्हता. आता त्यांनी टोपी घातली, पिशवी घेतली. आईने पदर घेऊन वाकून नमस्कार केला, मीही केला. काका दाराकडे वळले. कुत्रा चटईवरून उठला, उंबऱ्यावर जाऊन बसला आणि त्यांच्याकडे बघू लागला.

“सरक,” काका म्हणाले.

तो सरकला नाही. काकांनी पाय उचलला. कुत्र्याने धोतराचा काठ दातांत धरला.

“काय शे हाई?” काकांनी वडिलांना विचारलं. राग आला की ते अहिराणीत जायचे.

“काही नाही दादा. नुसते हात वर करा. तो वास घेतो आणि सोडतो.”

“कशापायी?”

“सगळ्यांनाच करावं लागतं. एक मिनिटाचं काम आहे.”

“मी हात वर करू? भावाच्या घरातनं निघताना?”

तेव्हा कुठे आम्हाला कळलं की हिवाळाभर आपण ज्यांच्यावर सराव केला ते सगळे प्रेसचे होते, नाहीतर विम्याचे. झडती म्हणजे काय हे माहीतच नसलेला पहिला पाहुणा आमच्याच घरातला निघाला होता. वडील समजावून सांगू लागले. प्रेसमध्ये कसं असतं, येताना काही नाही, जाताना मात्र. काका ऐकत होते. पिशवी त्यांनी खाली ठेवली.

“म्हंजी तुला बी तपासत्यात?”

“सगळ्यांना.”

“रोज?”

“सुट्टी सोडून.”

“किती वर्सं?”

“एकोणीस.”

काका खाटेवर बसले. गावात ते पारावर बसून सांगायचे की माझा धाकटा भाऊ सरकारच्या नोटा छापतो. ह्या एका गोष्टीचा त्यांना पिकापेक्षा जास्त अभिमान होता, आणि वडिलांनी इतक्या वर्षांत ह्यातलं बाकी काही त्यांना सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असं नाही, सांगण्यासारखं त्यांना काही वाटलंच नव्हतं.

“चोर समजत्यात व्हय तुला?”

“सगळ्यांनाच समजतात, दादा. त्यामुळे कुणाला काही वाटत नाही.”

“कसं तपासत्यात?”

वडिलांची त्या दिवशी दुसरी पाळी होती, ते बनियन-पायजम्यावर होते. काकांनी विचारलं म्हणून ते खोलीच्या मध्यावर उभे राहिले. पाय थोडे फाकवले, दोन्ही हात वर केले आणि भिंतीवर एका जागी नजर लावली. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग कुणी न सांगता वळले आणि पाठमोरे झाले. बनियनला काखेत भोक होतं. त्यांनी असे हात वर केलेले मी रोज बघत होते, कुत्र्यापुढे, आणि रोज हसत होते. त्या दिवशी मला हसू आलं नाही. ते लवकर हात खाली घेतील तर बरं, असं वाटत राहिलं, आणि ते घेत नव्हते, कारण अजून कुणी ‘पुढे’ म्हटलं नव्हतं.

“हात खाली कर,” काका म्हणाले.

वडील पुन्हा समोर वळले.

“खाली कर रे. पुरं झालं.”

ते उठले, पिशवी माझ्याकडे दिली आणि दारात जाऊन कुत्र्यासमोर उभे राहिले. टोपी नीट केली. मग त्यांनी हात वर केले, डोळे मिटून. कुत्रा त्यांच्याभोवती फिरला. धोतर, कोपरीचा खिसा, दुसरा खिसा. त्यात तंबाखू होती. तो शिंकला आणि बाजूला सरकून बसला.

काका पायऱ्या उतरून खाली गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. रस्त्यावरून ट्रकवाल्याने हॉर्न दिला. काकांनी त्याला हातानेच थांबायला सांगितलं.

“ह्याला मी नेतो,” ते वळून म्हणाले. “दोरी द्या.”

“भाऊजी, ठेवायचं ठरलंय त्याला,” आई म्हणाली. एरवी ती त्यांच्याशी इतकं थेट बोलत नसे. “काल तुमच्यासमोरच म्हटलं मी.”

“कुत्र्याची काय चूक नाय. लय गुणाचं हाय. पर तिकडं दारात तपासत्यात तेवढं बास हाय. घरच्या दारात नगं.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मळ्यात नाय बांधणार, पोरी. वट्यावर ऱ्हाईल, माझ्या खाटंशी.”

हा शब्द त्यांनी पुढे पाळला, हे कबूल करते. तरी त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही. ते माणूस म्हणून मोठे होते आणि त्यांनी ते भावाच्या मायेपोटी केलं, हे मला आज कळतं. कळून काही कमी होत नाही.

मी म्हणाले, “तो आता नाही करणार. मी विसरायला लावते त्याला. सुट्टी आहे मला, रोज शिकवते.” मी वडिलांकडे बघितलं. आईही त्यांच्याकडेच बघत होती, आणि त्यांनी एकदा नाही म्हटलं असतं तर ती त्यांच्या बाजूने उभी राहिली असती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. वडील आधी थोरल्या भावाकडे बघत राहिले, मग जमिनीकडे. आपले हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं.

“दोरी मागच्या दाराला आहे,” ते म्हणाले.

मी तेव्हा वडिलांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि दोरी स्वतः आणली. गळपट्ट्याला बांधली, दुसरं टोक काकांच्या हातात दिलं. काकांनी दोरी ओढली. कुत्रा उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथे खाली बसला.

काकांनी पुन्हा ओढली. तो हलेना. मान ताणली गेली तरी बसूनच राहिला. फिरायला आम्ही त्याला नेहमी मागच्या दाराने न्यायचो. झडती शिकल्यापासून पुढच्या दाराने बाहेर जायची ही त्याची पहिलीच वेळ होती, आणि ह्या दाराचा नियम त्याला चांगला माहीत होता. तो वर वडिलांकडे बघत होता.

वडिलांच्या लक्षात आधी आलं. ते उंबऱ्याजवळ गुडघ्यांवर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी त्याची मान चाचपली, कानांच्या मागे बघितलं, पुढच्या पायांच्या काखा, छाती, बरगड्या. पोटाखालून हात फिरवला. पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत नेला. मग पुन्हा मानेपासून सुरुवात केली. दारावर एका माणसाला किती वेळ लागतो ते त्यांना एकोणीस वर्षं माहीत होतं. त्यांनी त्याच्या कितीतरी पट घेतला. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. काका पायरीवर दोरी सैल सोडून उभे होते आणि रस्त्याच्या पलीकडे बघत होते.

“काही नाही,” शेवटी वडील म्हणाले. “काही नाही. जा.”

कुत्रा लगेच उठला आणि पायऱ्या उतरून गेला. त्याला आम्ही तसंच शिकवलं होतं.